आठवी गुंज

४ मार्च

प्रिय वहिनीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र एकटीने वाच. दादा शेजारी बसून शेगडी फुंकत असेल तर त्याला काहीतरी काम सांगून उठव, आणि नाना जेवून आडवे झाले की मगच पाकीट फोड. फोडून झालं असेल तर निदान चेहरा सरळ ठेव. तुझा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी आहे, आत काय चाललंय ते रस्त्यावरून वाचता येतं.

मी लग्न करायचं म्हणतेय.

हो, मीच. तुझी एक्कावन्न वर्षांची नणंद, जिच्या केसांपेक्षा तिची खडे उचलायची चिमटी जास्त चकाकते असं तू मागे म्हणाली होतीस. आमच्या कचेरीच्या जिन्याखाली एक चष्म्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक घासायचं चाक आणि भिंतभर रिकाम्या चौकटी. खडे तपासायच्या माझ्या भिंगाला चरा पडला म्हणून मी तिथे गेले. चरा इतका बारीक की माझा मालक म्हणाला, चालेल की. चष्मेवाला मात्र म्हणाला की चालणार नाही, तुम्हाला रोज तेवढं कमी दिसतंय आणि तुम्हाला त्याची सवय होईल. त्याने नवं भिंग घासून दिलं. ते घ्यायला गेले तेव्हा त्याने विचारलं की आज काय पाहिलंत. वहिनी, मी इतकी वर्षं दिवसभर खड्यांच्या पोटात डोकावतेय, पण आत काय दिसलं हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्याला एका पाचूतल्या भेगेबद्दल सांगत बसले ती दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत. तेव्हापासून जिना उतरताना माझी पावलं आपोआप तिकडे वळतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. थोडा विसरभोळा आहे, स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे शोधतो. बाकी माणूस सरळ आहे.

आता मुद्द्याचं. मला नानांची परवानगी नकोय, या वयात कुणी ती मागायची नसते. मला त्यांचं ‘हो’ हवंय. आई गेल्यावर त्यांनीच मला मांडीवर बसवून तराजू धरायला शिकवलं, श्वास रोखून पारड्याकडे कसं बघायचं ते दाखवलं. त्यांनी तोंड फिरवलं तर मी लग्न करीन, पण अर्ध्या मनाने करीन, आणि या माणसाच्या वाट्याला अर्धं मन यावं असं मला वाटत नाही.

मला धास्ती आहे ती त्या ढिगाची. घरात येऊ पाहणाऱ्या प्रत्येक माणसापुढे नाना गुंजांचा ढीग ठेवतात आणि त्यातून एक मासा काढून द्या म्हणतात. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा तोळा, हे आपल्या सोनाराच्या घरात पोरांना बोलता येण्याआधी कळतं. पण गुंज हे बी आहे, साच्यातून काढलेलं वजन नव्हे. एक जड निघते, एक हलकी, आणि नेमक्या आठ जुळवायच्या म्हणजे घाम फुटतो. पंचवीस वर्षांपूर्वी मला बघायला आला होता तो हिऱ्यांच्या दलालाचा मुलगा आठवतोय ना? त्याने चहा संपायच्या आत आठ गुंजा मोजून दिल्या आणि एकदम बरोबर आहेत म्हणून छातीठोक सांगितलं. नानांनी त्याला तिथूनच निरोप दिला. मलाही तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. तुझ्यापुढेही ढीग ठेवला होता, पण तू काय केलंस ते तू आजवर मला सांगितलेलं नाहीस.

तर तू नानांना सांग. कसं ते तूच ठरव. दादाला नंतर सांग, तो आधी हसेल आणि मग रडेल, आणि दोन्हीला वेळ लागतो.

माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागणं.
तुझी,
चिमटी


१६ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुला वन्सं म्हटलंय म्हणजे मी रागावलेय हे ओळखलंच असशील. इतके महिने जिना उतरतेस आणि मला आता सांगतेस? मागच्या तीन पत्रांत तू मला कचेरीच्या गळक्या नळाबद्दल पानंच्या पानं लिहिलीस. मला वाटलं, बाई एकटेपणाने नळावर बोलायला लागली.

राग संपला. आता ऐक. पत्र वाचून मी अशी काही किंचाळले की तुझा दादा हातात तापलेला चिमटा घेऊन आत धावत आला. त्याला वाटलं, मला विंचू चावला. मग तो हसला, मग रडला, मग पुन्हा हसला. तुझा अंदाज चुकला, तीन गोष्टी झाल्या.

नानांना मी दुपारी सांगितलं. ते खिडकीपाशी बसून तराजूची पारडी मऊ फडक्याने पुसत होते. मी सगळं सांगून संपवलं तरी पुसणं थांबलं नाही. मग त्यांनी विचारलं की काय करतो. मी म्हटलं, भिंगं घासतात. हात स्थिर आहेत का, असं त्यांनी विचारलं. ते मला कसं ठाऊक असणार, म्हणून मी ठोकून दिलं की आहेत म्हणे. जेवताना एवढंच म्हणाले की पोरीचं तिकडे बरं चाललंय, तिचं ती सांभाळून आहे, आता या वयात कशाला जीव टांगणीला लावायचा. नाही म्हणाले नाहीत, पण हो पण म्हणाले नाहीत. तुझा दादा मध्ये बोलायला गेला तर त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याचा डबा काढला. तू ज्याला घाबरत होतीस तेच झालं. सोबतच्या पुडीत गुंजा आहेत. नानांचं म्हणणं असं की त्याला इकडे बोलवू नका, समोर बसवलं की माणूस बावचळतो, त्याचं त्याला घरी निवांत बसू दे. तराजू तुझ्या कचेरीतला वापरावा. तू मदत करायची नाहीस, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. आणि गुंज विषारी असते हे त्या माणसाला नीट सांग. विचार करताना हातातलं तोंडात घालायची पुष्कळांना सवय असते, आणि तुझ्या सगळ्या बोलण्यावरून ते त्यातलेच वाटतात.

माझ्या वेळी काय झालं ते आत्ताही सांगणार नाही. नानांना शब्द दिलाय आणि तो मी एवढी वर्षं पाळलाय. एवढंच सांगते की मी आतल्या खोलीत बसून रडले होते, तरी आज या घरात आहे.

फोटो पाठव. कपाळावर चष्मा असलेला चालेल.

मनात जागा ठेव, नवं माणूस आलं तरी माझी कोपऱ्यात राहू दे.
तुझी,
वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनीस,
सप्रेम नमस्कार.

घात झाला. सगळं सांगते, पण तू आधी खाली बस.

पुडी दिल्यावर तो पोरासारखा खूश झाला. त्याने चष्मे पुसायचं मखमली फडकं पसरलं, गुंजा ओतल्या आणि रोज दुकान बंद केल्यावर आमच्या कचेरीत माझ्या टेबलाशी येऊन बसू लागला. मालकालाही चेव आला, तो घरी जायचं सोडून खुर्ची ओढून बघत राहायचा. मी तोंडाला कुलूप लावून खिडकीत उभी. आधी त्याने नखाने चाचपून मोठ्या-लहान वेगळ्या केल्या. मग एका पारड्यात माशाचं वजन ठेवून दुसऱ्यात आठ गुंजा घातल्या, ते पारडं खाली. दोन बदलल्या, पारडं खालीच. सगळ्यात बारीक दिसणाऱ्या आठ निवडल्या तरी काटा काही मधे येईना. मालक म्हणाला की हे बियाणंच मस्तवाल आहे. मला वाईट वाटत होतं, कारण इतका जीव लावून काम करणाऱ्या माणसाला नुसतं बघत राहायचं म्हणजे शिक्षाच असते. पण मी शब्द पाळला.

काल मी जिना उतरले तर त्याच्या चाकावर लाल भुकटी. मी विचारलं, ही कसली. तो अगदी सहज म्हणाला की आठवी गुंज घासली, आता बरोबर मासा होतो. वहिनी, आपल्या घरात गुंजेला कानस लावणं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. नाना भाव सोडतील, गिऱ्हाईक सोडतील, पण वजनाला हात लावलेला त्यांना खपत नाही. मी त्याला नको नको ते बोलले. तो ऐकत राहिला आणि मग त्याने मला विचारलं की काच डोळ्याला जुळली नाही तर डोळा बदलायचा की काच घासायची. त्याचा सगळा जन्म याच हिशोबात गेलाय, त्याला त्यात वावगं काही दिसेचना.

मी म्हटलं, निदान पुन्हा प्रयत्न कर, नवी आठवी शोध. तो म्हणाला की नाही, या ढिगात ती नाही, मी सगळ्या पाहिल्या. मग मी म्हटलं, सांगू तरी नकोस, बारीक घासलंय, कदाचित दिसणार नाही. हे मी म्हटलं, वहिनी. नानांची मुलगी असून मी हे म्हटलं. तो माझ्याकडे असा काही बघत राहिला की मला स्वतःची लाज वाटली. त्याने स्वतः चिठ्ठी लिहिली, पुडीला दोऱ्याने बांधली आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिलीसुद्धा नाही, स्वतः जाऊन टाकली.

आता पुडी तुमच्याकडे यायला निघालीय. तू काहीतरी कर. काय ते मला सुचत नाही.

तुझी आठवण हाताशी असू दे, मला लागेल.
तुझी घाबरलेली,
चिमटी


(पुडीला बांधलेली चिठ्ठी)

१ एप्रिल

आदरणीय नाना यांस,
सा. न. वि. वि.

आपण पाठवलेल्या गुंजांपैकी आठ सोबत परत पाठवतो आहे. त्यांचा बरोबर एक मासा होतो. पण तो आपोआप झालेला नाही, मी केला आहे. ढिगातल्या कोणत्याही आठ घेतल्या तरी वजन जास्तच भरत होतं, म्हणून सात तशाच ठेवून आठवी माझ्या चाकावर घासली. तिला ओळखायला सोपं जावं म्हणून वेगळ्या कागदात गुंडाळली आहे. असं करायचं नसतं हे मला नंतर समजलं. उरलेल्या गुंजाही पाठवतो आहे, त्यांना हात लावलेला नाही.

आपली मुलगी माझ्यावर चिडली आहे. तिचं चिडणं रास्त आहे.

ओळख नसताना लिहितो आहे, राग नसावा, आणि जमल्यास पुढे ओळख व्हावी.
आपला नम्र,
चष्मेवाला


१७ एप्रिल

प्रिय चिमटीस,
स. न. वि. वि.

तू खाली बसायला सांगितलंस म्हणून मी बसले, आणि हसून हसून खाली लोळायचीच बाकी राहिले. तुझा दादा अजून अधूनमधून घासली, घासली असं पुटपुटतो आणि त्याचं काम बिघडतं. काल एका बांगडीचं टोक वाकडं झालं त्याला तुझा चष्मेवाला जबाबदार आहे.

आता मी तुला ते सांगते जे मला सांगायची बंदी होती. नानांनी काल स्वतःहून बंदी उठवली. त्या ढिगात मासा नसतोच. नाना मुद्दाम जडशा गुंजा तेवढ्या निवडून ठेवतात, कुठल्याही आठ घ्या, पारडं खालीच जाणार. माझ्या वेळी मी हातपाय गाळून बसले, रडले, आणि शेवटी बाहेर येऊन नानांना म्हटलं की मला जमत नाही, यात आठ नाहीतच. ते म्हणाले की बरोबर, नाहीतच. आणि तुझ्या दादाला हाक मारून सांगितलं की पोरगी घरात घ्यायला हरकत नाही. त्या दलालाच्या मुलाने न तोलताच बरोबर आहेत म्हटलं म्हणून तो गेला. नानांना मासा नको असतो ग, माणूस नसलेलं आहे म्हणतो का तेवढं बघायचं असतं.

तर नानांच्या मनात उत्तरं दोनच. एक खोटं बोलतो, दुसरा हात टेकतो. तुझ्या चष्मेवाल्याने तिसरंच काहीतरी केलं. चिठ्ठी वाचून नानांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले की हा खोटंही बोलला नाही आणि हरलाही नाही, मग याला म्हणायचं काय. दिवसभर त्यांचं तेच. जेवताना तेच, फुंकणी हातात घेतली तरी तेच. तोलून बघितलं तर काटा अगदी मधोमध. तेव्हा आणखीच चिडले. म्हणाले, हात स्थिर आहेत यात शंका नाही.

पुढे गंमत झाली. नानांनी ती आठवी गुंज तापलेलं सोनं विझवायच्या पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवली होती. तुझ्या दादाने कडं विझवताना पाणी उडवलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन दिवसांनी नानांनी पुन्हा आठही पारड्यात घातल्या तर पारडं धाडकन खाली. गुंजेचं टणक साल गेलं की ती पाणी पिते, ते आपल्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. ती फुगून वाटाण्याएवढी झाली होती. नाना जिंकल्यासारखे ओरडले की हे बघा, घासलेल्या वजनाचं हे असं होतं. मी ती उचलून कुंडीत लावली, म्हटलं निदान वेल तरी होईल.

तुला वाटेल आता सगळं फिसकटलं. मलाही तसंच वाटलं. पण परवा मी दुकानात डोकावले तर नाना भिंतीकडे तोंड करून बसलेले, पुढ्यात बारीक कानस, लाखेची कांडी आणि सहा-सात घासलेल्या गुंजा. घासलेल्या जागी लाख लावली तर पाणी आत जातं का ते बघत होते. मला बघून त्यांनी सगळं फडक्याखाली सारलं आणि मी चहा आणायला एवढा उशीर का केला असं मलाच विचारलं. ऐंशी वर्षांचा माणूस चोरून गुंजा घासतोय. मी तुझ्या दादालाही सांगितलेलं नाही.

तरीही हो म्हणालेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले की गुंजेचा प्रश्न सुटला म्हणजे माझा सुटला असं नाही. मला वाटतं आता माझ्यामार्फत पुरे झालं, तू त्यांना सरळ लिही. पाल्हाळ लावू नकोस, नळाचा विषय काढू नकोस.

आमची सगळ्यांची ओढ तुझ्याकडे आहे, ती ओळखून घे.
तुझी,
वहिनी


२६ एप्रिल

तीर्थरूप नानांस,
चिमटीचा शिरसाष्टांग नमस्कार.

वहिनीने सगळं कळवलं. ती गुंज फुगली हे मी त्याला सांगितलं, तर कपाळाला हात लावून म्हणाला की काच घासल्यावर मी तिला झिलई देतो, गुंजेला द्यायची राहिली. तो तुमच्यावर रागावलेला नाही. उलट तुम्ही कोणती लाख वापरता हे तुम्हाला विचारायला त्याने मला सांगितलंय.

नाना, मी तुम्हाला त्याची बाजू पटवायला लिहीत नाही. त्याची बाजू त्याने स्वतःच लिहून पाठवली, आणि मी सांगत होते ते ऐकलं असतं तर लपवून पाठवली असती. तेव्हा आमच्या दोघांत तुमचा धडा कुणी जास्त घेतलाय ते तुम्हीच बघा.

मी आता दुपारी डबा खायला खाली जाते. आमचं भांडण मिठावरून असतं, त्याला जास्त लागतं. परवा एक माणिक आलं, खडा इतका स्वच्छ की मला संशय आला. मी दिवसभर त्याच्या मागे होते आणि संध्याकाळी खडा नकली ठरवणारा आतला बुडबुडा सापडला तशी मी जिन्यावरून ओरडतच खाली गेले. माझा मालक म्हणाला की तुम्ही हल्ली जिन्यात फार आवाज करता. नाना, मला उद्या उठून काय काय सांगायचंय हे मी रात्री झोपताना मनात रचत असते. हे मला आधी कधी होत नव्हतं. मी तिकडे आले की तो काय म्हणेल, तुम्ही काय म्हणाल, दादा कुठे हसेल, हेसुद्धा मी रचून ठेवलंय. त्यात तुमच्या तोंडी काय घालायचं तेवढं राहिलंय, ते मला तुमच्याकडूनच हवंय.

तुम्ही नाही म्हणालात तर मी भांडणार नाही. पण मला फार वाईट वाटेल, आणि ते मी लपवणार नाही.

डोक्यावर हात आहे, तो राहावा.
तुमची,
चिमटी


८ मे

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र स्वतः लिहितो आहे. हात थोडा हलतो म्हणून अक्षर असं आलं आहे, समजून घे. तुझी वहिनी लिहून देते म्हणत होती, मी तिला बाहेर पाठवलं.

आधी गुंजेचं. घासलेली गुंज वजन म्हणून चालत नाही, हे मी आजही म्हणतो. लाखेचा लेप लावला तर पाणी आत जात नाही, पण लाखेचंच वजन होतं, मग पुन्हा घासा, पुन्हा लावा. त्याला सांग की हे मी करून पाहिलं आहे, त्याने वेळ घालवू नये. चिठ्ठी त्याने प्रामाणिक लिहिली. मला जे बघायचं होतं ते त्या चिठ्ठीतच दिसलं होतं. त्यानंतर मी अडून बसलो तो गुंजेपायी नाही, तुझ्यापायी.

तुला घर सोडून बरीच वर्षं झाली. तिकडे गेल्यापासून तुझ्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ ठरलेली असे. मी मजेत आहे, माझी काळजी नसावी. दादाला असो, वहिनीला असो, मला असो, ती ओळ आधी आणि मग बाकीचं. मी ती खरी धरून चाललो. माणूस एवढ्या वेळा एकच गोष्ट लिहितो तर ती खरीच असणार, असा माझा हिशोब. म्हणून वहिनीने लग्नाचं सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं की मजेत असलेल्या पोरीने हा व्याप का करावा. मला भीती वाटली. तुझं चांगलं चाललेलं बिघडू नये एवढंच मी बघत होतो.

परवा तुझं पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं आणि मला काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं. मग तू वहिनीला लिहिलेली दोन्ही पत्रं तिच्याकडून मागून घेतली. तिने आधी नाटक केलं, मग दिली. भिंगाचं, जिन्याचं, माणकाचं, मिठाचं, सगळं आहे. ती ओळ कुठेच नाही. तीन पत्रं लिहिलीस आणि एकदाही मजेत आहे असं लिहायचं तुला सुचलं नाही.

जन्मभर मी दुसऱ्यांचं तोललं आणि माझ्या मुलीने दर पत्रात खोटं वजन घातलेलं मला ओळखता आलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं, आणि आता तुला ते घालावं लागत नाही म्हणून लगेच इतका आनंद झाला की मी उठून तुझ्या दादाला हाक मारली. तो धावत आला. काय झालं म्हणून विचारू लागला, तेव्हा मी तिन्ही पत्रं त्याच्या हातात दिली.

माझं हो आहे. पूर्ण आहे. दोघं मिळून या.

तुझा,
नाना